वा, वा

काल अकोल्यात भाच्याच्या गाण्याला पुढच्या रांगेतले लोक "वा, वा" म्हणू लागले आणि मी उठून बाहेर आले.

सिलोनात तापाची साथ होती, तेव्हा अमरावतीच्या आम्ही काही बाया सेवेसाठी गेलो होतो. एका सुटीच्या दिवशी धबधबा पाहायला निघालो. चहाच्या मळ्यात ओल्या पाल्याचा वास कोंदला होता. एका झोपडीच्या दारात मद्रासी मजूर बाई पोर मांडीवर घेऊन बसली होती. आम्हाला पाहून ती हात हलवत म्हणाली, "वा, वा!"

"पाह्य वं, आपल्या लुगड्यायची वाहवा करून राहिली!" आमच्या पुढारी गोदूताई हसल्या.

"ताई, पोरगं बिमार दिसते," मी हळूच म्हटलं. औषधाची पिशवी माझ्याच खांद्यावर होती.

"सुटीच्या दिवशी बी दवाखाना? चाल मुकाट्यानं."

धबधबा फार सुंदर होता. अंगावर तुषार घेत आम्ही खूप हसलो.

परतताना आम्ही भाड्याची बैलगाडी केली; गाडीवानाला थोडं हिंदी येत होतं. गोदूताईंनी त्याला लुगड्यांची गंमत सांगितली. तो म्हणाला, "बाई, इनकी बोली में 'वा' मतलब 'आओ'."

आम्ही झोपडीपाशी पोचलो. पोरावर चटई ओढलेली होती. बाई आमच्याकडेच बघत होती, पण आता ती कोणालाच बोलावत नव्हती.