उसना दम

औंधच्या पूर्वेकडील माळावरचे धनगर नाना गाऊ लागले म्हणजे या मनुष्यास दमा आहे, हे कोणास खरे वाटत नसे. ओवीची लांबलचक ओळ ते एका श्वासात उचलीत. ती पुरी झाल्याखेरीज मागच्या साथीदारांनी तोंड उघडायचे नाही, असा तिथला रिवाज.

पाठशाळेतून निवृत्त होऊन मी औंधास राहिलो, तेव्हापासून त्यांचे येणेजाणे. डॉक्टरांनी दिलेला निळा पंप कोपरीच्या खिशात असे. तो हलवायचा, ओठांत धरून दाबायचा, श्वास कोंडायचा. आणि मग हसायचे. "मेंढरांचा जबडा धरून जलमभर दवा पाजली, गुरुजी. आता माझी पाळी!"

मात्र बिरोबापुढे उभे राहण्यापूर्वी ते पंप घेत नसत. पत्नी हौसाबाईंच्या हाती देत. म्हणत, "उसना दम देवाला कसा वाहायचा?"

मी एकदा विनवले, "नाना, प्राण सगळाच त्याने दिलेला. आपला असा श्वास कोणता?"

"व्हय, बरोबर हाय तुमचं. पर तुमास्नी कुठं ढोलावर गायचंय?"

"आवं, गुरुजींचं तरी ऐका," हौसाबाई म्हणाल्या. "माझं तर मेंढरंसुदिक ऐकत न्हाईत."

गेल्या जत्रेत भंडाऱ्याने हवा पिवळी झाली होती. ओळीच्या मध्यावर नाना थांबले. खांदे उसळू लागले, डोळे वर गेले. ओळ अपुरी, म्हणून साथीदार गप्प. देव अंगात आला असे समजून सर्वांनी हात जोडले, मीही जोडले. चांगभल्याचा गजर उठला आणि हळदीच्या मुठी नानांवरच रित्या होऊ लागल्या.

"देव न्हाई, दम लागलाय त्यास्नी! सरा!" हौसाबाई गर्दी फोडीत आल्या. त्यांनी पंप नानांच्या ओठांत धरून दाबला. पण औषध आत ओढून घेण्याइतका श्वास नानांपाशी उरला नव्हता. इस्पितळाच्या वाटेवरच ते गेले.

दिवसकार्यानंतर मी भेटीस गेलो. हौसाबाई पदर सावरून म्हणाल्या, "समदी म्हणत्यात, देवच आला हुता. तुमी शिकल्यालं. खरं काय ते सांगा."

त्या मुखाकडे पाहून दुसरे काही बोलवेना. "आला होता," मी म्हणालो.



"मग म्या 'देव न्हाई' म्हणून वराडले, त्याचं काय वो, गुरुजी?"