तीन भाषांचं पोर

नवऱ्याला नाही, आईला नाही, देवापुढेही नाही — ही गोष्ट मी कुठेच बोललेले नाही. आज तुम्हाला सांगते आहे, आणि कुठून सुरू करावं तेच कळत नाही.

मी बडोद्यात एका कॉलेजात बालविकास शिकवते. मूल मान कधी धरतं, रांगतं कधी, पहिला शब्द कधी — सगळं तोंडपाठ. माणसाच्या मूलभूत गरजाही शिकवते: भूक, झोप, सुरक्षितता, माया, मान. त्यामुळे घरात कुणाच्या पोराला साधी शिंक आली तरी आधी मला विचारतात. मला ते आवडायचं. आवडायचं म्हणजे — फारच आवडायचं.

आम्ही मांजलपूरला राहतो, धाकटी जाऊ खालच्या मजल्यावर. तिची ईशा दीड वर्षाची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. जाऊ काळजीत पडली. मी सगळ्यांसमोर निकाल देऊन टाकला — घरात मराठी, सोसायटीत गुजराती, कामवालीशी हिंदी. तीन भाषांचं पोर, वेळ लागणारच. इथल्या मराठी घरांत हे सगळेच म्हणतात. मी त्यावर माझ्या पदवीचा शिक्का मारला, इतकंच. इतकंच का?

नाही. पुढचं सांगायलाच हवं.

चार दिवसांनी जाऊ ईशाला माझ्याकडे सोडून खंडेराव मार्केटला भाजीला गेली. ईशा भिंतीकडे तोंड करून कपड्यांचे चिमटे डब्यात टाकत बसली होती. कुकरची शिट्टी झाली. आत झोपलेला माझा तीन वर्षांचा मुलगा दचकून रडायला लागला. ईशाने मानही वळवली नाही. मी ताट आणि पळी घेतली, तिच्या मागे उभी राहिले आणि जोरात वाजवलं. एकदा. पुन्हा एकदा. ती चिमटे टाकत राहिली.

तेवढ्यात जाऊ वर आली. "ताई, कसला हो आवाज? जिन्यापर्यंत आला."

"ताट पडलं," मी म्हणाले.

का म्हणाले? दिलेला निकाल मागे घ्यायची लाज? की माझा मुलगा बडबड्या, याचा आत कुठेतरी आनंद? इतकी वर्षं उलटसुलट करून बघते आहे, धड काही हाती लागत नाही. रोज ठरवायचे, उद्या सांगू. मग ती तिच्या गुजराती वळणाने विचारायची, "डॉक्टरला दाखवूया ने?" आणि मी म्हणायचे, "थांब गं, घाई कशाला." ते माझ्या तोंडून निघायचं कसं, मलाच समजत नसे.

असं दीड वर्ष गेलं. शेवटी बालवाडीच्या बाईंनी कान तपासायला सांगितले. आता ईशा आठ वर्षांची आहे, कानाला मशीन लावते, बोलते — पण अडखळत, आणि वर्गातली मुलं तिची नक्कल करतात. ते दीड वर्ष बोलणं शिकायचं होतं. हेही मी वर्गात शिकवते.

तपासणीला मीही बरोबर गेले होते. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?

जाऊ रडत होती. "आमच्या ताई याच विषयातल्या. त्यांच्याही नाही आलं, तर मला कुठून कळणार?"

माझा हात तिच्या पाठीवर होता. मी तो तसाच फिरवत राहिले.