झिपरू नानांची आखाजी

झिपरू नाना वर्षातून एक दिवस आमची चाकरी सोडत. पहाटे उठून बैलांना पाणी दाखवायचं, गोठा झाडायचा, मग घोंगडी खांद्यावर, काठी हातात आणि आईला रामराम. आमच्या ओट्यावरून समोर दिसणाऱ्या निंबाखाली जाऊन ते बसत. शंभर पावलंसुद्धा नसतील, पण बसण्याचा थाट असा, की माणूस मुलूख सोडून आलाय.

हा दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय्यतृतीयेचा. आमच्याकडे सालदाराचं वर्ष आखाजी ते आखाजी. त्या दिवशी जुनी बोली संपते, नवी ठरते. वीस वर्षं एकाच घरी राबलेल्या माणसाने ती दरसाल नव्याने कशाला ठरवायची, हे आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कधी उमगलं नाही. तरी पागोटं बांधून ते निंबापर्यंत जात आणि चारचौघांदेखत विचारत, "झिपरू, औंदा ऱ्हाशी का?" नाना आभाळाकडे बघत म्हणत, "इचार करस." हा विचार घरातून मांड्यांचा वास येईपर्यंत चाले.

मी धुळ्यात दिलेली. आखाजीला माहेरी आले, की बरोबरीच्या मुली झोक्यावर आणि मी ओट्यावर, नानांची गंमत बघत. एकदा मी त्यांना चिडवलं, की जायचं कुठेच नाही, मग हे सोंग कशाला? ते म्हणाले, "जानं नही, ते खरं शे, बाई. पन आज मी मना सोताना शे. बैलले कोनी इचारस नही, माणूसले इचारनं पडस."

मला परत कधी पाठवायचं, ते आबा आणि माझे सासरे पत्राने ठरवत. ठरल्या दिवशी दमणी जुंपलेली असे आणि दोंडाईच्याच्या मोटारस्टँडपर्यंत हाकायला नाना. एकदा माझं गाठोडं उतरवताना त्यांनी सहज म्हटलं, "बाई, तुले कोनी इचारं का?" मी हसून वेळ मारून नेली. गाडीत बसल्यावर मात्र रडू आलं. खरं सांगायचं तर मला त्या सालदाराचा हेवा वाटला.

पुढे कापसाला भाव आला आणि आबांनी माडी बांधली. माडीवाल्याने सालदारापुढे जाऊन उभं राहायचं, हे त्यांना बोचू लागलं. एका आखाजीच्या आदल्या दिवशी त्यांनी नानांना बोलावून सांगितलं, की नाल्याकाठचा तुकडा तुझ्या नावावर करतो, मागची खोली तुझी, जन्मभर खा. पण उद्यापासून ते निंबाखाली बसणं बंद. आता तू घरचाच माणूस. नानांनी डोकं खाजवलं.

"तुकडा चांगला शे, आबा," ते म्हणाले. "पन मंग मनी आखाजी कोठे? आनि घरना माणूसले कोनी इचारस का?"

दुसऱ्या दिवशी नाना निंबाखाली आणि आबा ओट्यावर. आबा हलेनात. आईने दोनदा पागोटं आणून दिलं, दोनदा त्यांनी ते बाजूला ठेवलं. ऊन कलल्यावर शेजारच्या मळ्याचे दौलत नाना आले, त्यांनी विचारलं, आणि झिपरू नाना शब्द देऊन त्यांच्यामागे चालू लागले. आमच्या ओट्यासमोरून जाताना रामराम करायला विसरले नाहीत.

ते वर्ष आमच्या घराला फार जड गेलं. नव्या सालदाराला बैल जुमानत नसत. नाना बांधापलीकडून ओरडून त्याला शिकवत आणि दौलत नाना त्यांच्यावर ओरडत. पुढच्या आखाजीला उजाडायच्या आत आबाच निंबाखाली जाऊन बसले. नाना घोंगडी घेऊन आले, थबकले आणि म्हणाले, "आबा, तुम्हले कोनी इचारं का औंदा?"

आबा आधी लाल झाले, मग इतके हसले की पागोटं सुटलं. त्या वर्षी "इचार करस" काही ऐकू आलं नाही.

शेवटच्या आखाजीला नानांचे गुडघे गेले होते. त्यांच्याच्याने काम होणार नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तरी ते सरकत सरकत निंबापर्यंत गेले आणि आबाही गेले. आबांनी विचारलं. नानांनी आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "औंदा नही, आबा." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी नकार दिला होता. तो देताना त्यांचा चेहरा काय उजळला होता! मग आबांनीच त्यांना हात धरून जेवायला घरी आणलं. थंडीत ते आमच्या मागच्या खोलीत वारले.

पुढच्या आखाजीला निंबाखाली कुणी नव्हतं. आबा तरी पागोटं बांधून ओट्यावर बसून होते. दुसऱ्या दिवशी मला धुळ्याला पाठवायचं ठरलेलं, सासऱ्यांचं पत्र आलेलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले, तेव्हा आबा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बाई, सकाय जाशी का ऱ्हाशी चार दिन?"

मला कुणी विचारल्याची सवयच नव्हती. मी म्हटलं, "थांबा, आबा. पहिले माले निंबखाले बसू द्या."

आबा हसले नाहीत. उठले आणि निंबापर्यंत जायला काठी शोधू लागले.