गाळलेल्या पाण्यातला मासा

राजारामपुरीतल्या पार्श्वनाथ चौगुलेंनी, म्हणजे अण्णांनी, आयुष्यात न गाळलेलं पाणी प्यायलेलं नाही. नळाला दुहेरी फडकं, घागरीला फडकं आणि गावाला निघाले की खिशात एक जादा फडकं. जैन घरातली ही रीतच. पण अण्णांनी ती जरा जास्तच मनावर घेतली होती.

लेक आदिती नोकरीसाठी बंगळूरला गेली, ती आपला सोनेरी मासा त्यांच्या पदरात टाकून. "अण्णा, जीव हाय त्यो. सांभाळताय न्हवं?" असं विचारल्यावर नाही म्हणणं धर्मात बसेना.

अण्णा त्याला उकडलेले मटार सोलून घालत. काचेच्या पेटीतल्या फिल्टरवर तर त्यांचा फारच लोभ. त्यात काळ्या दाण्यांची पिशवी असते, कार्बनची. पाण्यातला रंग, वास ती धरून ठेवते. आपल्या फडक्याला साठ वर्षांत जे जमलं नाही ते हा कोळसा करतो, याचं त्यांना अतोनात कौतुक.

श्रावणात माशाची शेपटी झडू लागली. शोभेचे मासे विकणाऱ्या सम्राटनं निळं औषध दिलं. अण्णांनी थेंब मोजून टाकले आणि पाणी शाईसारखं झालं. असल्या पाण्यात जीव ठेवायचा? त्यांना बघवेना. त्यांनी फिल्टरमध्ये कार्बनची नवी पिशवी घातली. सकाळी पाणी लख्ख. अण्णा खूश.

चार दिवस हेच चाललं. मासा तळाला आडवा झाला. आदितीला फोनवर "बरा हाय" सांगून अण्णा धडधडीत खोटंही बोलले.

पाचव्या दिवशी ते सम्राटकडे गेले.

"काका, कार्बन काढला न्हवं?"

"काढतोय कशाला? रोज नवा घालतोय की!"

सम्राट म्हणाला, "मग औषध त्योच पितोय. कोळसा ठणठणीत आसंल बघा."

अण्णा घरी आले. पिशवी काढली, नुसता स्पंज ठेवला, औषध घातलं. पाणी निळं झालं आणि निळंच राहिलं. हात सारखा नव्या पिशवीकडे जाई. शेवटी खुर्ची फिरवून ते पेटीकडे पाठ करून बसले. त्यांना मनापासून लाज वाटत होती.

आठवड्यानं मासा वर आला, मटारासाठी तोंड वासून. आदितीनं व्हिडिओ कॉलवर पेटी पाहिली आणि ओरडलीच, "अण्णा, पाणी केवढं घाण! तुमच्या घरात?"

"ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "त्याला जगायचं हुतं."