आतली गादी माझी

नंदाचा फोन आला तेव्हा मी बोरिवलीच्या घरी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. “मावशी, बाबा गेले,” ती म्हणाली. “सकाळी अंघोळ करून देवापुढे बसले आणि...” नंदाचे बाबा म्हणजे दत्ताराम भावोजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ऐंशी ओलांडलेला माणूस, अकाली गेला असं कुणी म्हणणार नाही. तरी गेले काही आठवडे हातातलं काम मध्येच थांबतं आणि घाटकोपरची ती चाळ डोळ्यांसमोर येते.

आमच्या गावात सातवीच्या पुढे शाळा नव्हती. मुलीला आणखी शिकवून करायचं काय, असं घरात चाललेलं असताना भावोजींनी वडिलांना सांगितलं, “पाठवा आमच्याकडे. हिला सोबत होईल.” नवं लग्न, दोन लहानशा खोल्या आणि त्यात मेहुणी! पण ते पन्नासचं दशक सुरू होत होतं आणि भावोजींना सगळंच शक्य वाटायचं. ते मोटारींच्या कारखान्यात कामाला होते. पत्रा ठोकून दारं, मडगार्डं घडवायची, हे त्यांचं खातं. दिवसभर शेकडो हातोड्यांचा दणदणाट. संध्याकाळी सायकलवरून आले की हात घासूनपुसून धुवायचे आणि मग विचारायचे, “शालू, आज शाळेत काय झालं? सगळं सांग, गाळायचं नाही हां.” रविवारी आम्हाला आग्रा रोडला फिरायला न्यायचे. एखादी नवी कोरी मोटार गेली की खुशाल रस्त्यात उभे राहायचे. “बघ, आपली आली! ते दार माझं.” ताई हसायची. “अहो, तुम्हाला काय ठाऊक? दुसऱ्या कुणी केलं असेल.” “आपलं पोर आपण ओळखत नाही का गं?” असं त्यांचं उत्तर असायचं.

नंदा झाली त्याच्या आगेमागे हा बोलका माणूस गप्प होत गेला. ताईनं काही विचारलं की नुसती मान हलवायची. चाळीतली माणसं विनोद सांगत तेव्हा सगळे हसल्यावर मागाहून हसायचे. शाळेत काय झालं हे तर विचारेनासेच झाले. ताई अंगाई म्हणायची आणि ते तिच्याकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत बसायचे. चाळीतल्या बायकांनी लगेच अर्थ लावला : मुलगी झाली ना, म्हणून. ताईनं आधी उडवून लावलं, पण तेच तेच रोज कानावर पडलं की मनातही शिरतं. एक दिवस तिनं ट्रंक भरायला घेतली. “यांना नकोशी झालेली पोर मला इथे वाढवायची नाही. गावी जाते,” म्हणाली. मी म्हटलं, “अगं, विचार तरी त्यांना.” तर म्हणे, “विचारते ना! ऐकून न ऐकल्यासारखं करतात.”

त्याच रविवारी आम्ही दोघी भाजी आणायला गेलो होतो. परतताना जिन्यातच नंदाचं रडणं ऐकू आलं... साधं नव्हे, घसा फाटलेलं. ताईनं पिशवी टाकली आणि धावली. आत पाळण्यात पोर लालबुंद झालेली, हनुवटीला सांडलेल्या दुधावर लाल मुंग्या चढलेल्या. आणि हातभर अंतरावर, पाळण्याकडे पाठ करून, भावोजी स्टोव्ह साफ करत गुणगुणत होते. ताईनं पोरीला उचललं, मुंग्या झाडल्या आणि भावोजींच्या समोर जाऊन ओरडली, “पोटच्या पोरीचं रडं ऐकू येत नाही तुम्हाला? मुलगी म्हणून?”

त्यांनी वर पाहिलं. आधी ताईकडे, मग नंदाच्या उघड्या तोंडाकडे, आणि तिच्या हनुवटीवर उठलेल्या लाल चट्ट्यांकडे. स्टोव्ह हातातून खाली ठेवला. एरवी चाळीत कधी मालवणी न बोलणारा तो माणूस एवढंच म्हणाला, “माका ऐकाक येना नाय गो...” आणि तिथेच, काळ्या हातांनी तोंड झाकून रडायला लागला. कारखान्यात कळलं तर काढून टाकतील, आणि घरी कळलं तर तू घाबरशील, म्हणून लपवलं, असं त्यांनी नंतर सांगितलं. ताई नंदाला घेऊन त्यांच्याजवळ खाली बसली. संध्याकाळी तिनं ट्रंक रिकामी केली.

डॉक्टर म्हणाले, गेलं ते येणार नाही, उरलंय ते जपा. मग ताई स्वतः, नंदाला कडेवर घेऊन, कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. सुपरवायझर बाहेर आला तेव्हा म्हणाली, “यांचे कान तुमच्या हातोड्यांनी नेले. हात शाबूत आहेत. दुसरं काम द्या.” तो भला निघाला. त्यानं भावोजींना गाद्या शिवायच्या खात्यात घातलं. पुढच्या रविवारी आग्रा रोडवर मोटार गेली तेव्हा मी मुद्दाम त्यांच्यासमोर येऊन विचारलं, “ते दार तुमचं?” ते जोरात हसले. “आतली गादी माझी. रस्त्यावरून दिसत नाही, बसणाऱ्याला कळते.”

ताई कामात असली की ते पाळण्याखाली आडवे व्हायचे आणि पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायचे. नंदानं लाथ मारली की उठलेच. आयाबाया दारातून बघून हसायच्या, ते खुशाल हात हलवायचे. नंदा पहिल्यांदा “बाबा” म्हणाली तेव्हा मी अभ्यास करत होते. भावोजींनी चाळभर धावत सांगितलं, “बोलली! बाबा म्हणाली! मी बघितलं!”

बाराव्याला आम्ही सगळे जमलो होतो. ताई खिडकीशी पाठमोरी बसलेली. तिचे कान या वयातही तिखट आहेत. पानं मांडून झाली, तेव्हा नंदाचा धाकटा नातू आजीला... म्हणजे त्याच्या पणजीला बोलवायला निघाला. दारातून हाक मारली असती तर चाललं असतं. पण तो पोर सगळी खोली ओलांडून गेला, वळसा घालून तिच्या समोर उभा राहिला, तिच्या गुडघ्याला हात लावला, तिनं मान वर करेपर्यंत थांबला, आणि मग ओठ नीट हलवत म्हणाला, “पणजी, जेवायला चल.”

त्या घरात पाठमोऱ्या माणसाला कुणी हाक मारत नाही.