रंगवाल्यांनी केलेली दोन घराण्यांची चौकशी

रंगाच्या दुकानात रंग मिसळण्याचं काम रंगवाल्यांनी छत्तीस वर्षं केलं. भिंतीचा सुटलेला पोपडा आणून दिला की त्याच्याशी जुळणारा रंग ते नुसत्या नजरेच्या अंदाजाने बनवत. मात्र "पांढरा द्या" म्हणणाऱ्याला ते "कोणता?" असं विचारून गप्प उभे राहत. मग घाईचं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाई आणि मालक कपाळाला हात लावी. त्यांच्याकडे एकसारखे पाच सदरे होते. दुकानाकडे जाणारा नेहमीचा फुटपाथ खणला, तेव्हा त्यांनी सहा दिवस रजा टाकली. "त्यांचं तसंच असतं," एवढ्या भांडवलावर बायकोने चाळीस वर्षं संसार केला होता.

पुढे सात वर्षांच्या नातीने शाळेचा नवा फ्रॉक घालायला नकार दिला. म्हणे निळा तो नव्हे. शिंपी, शाळेतल्या बाई, आई सगळ्यांनी दोन्ही निळे एकच असल्याचं शपथेवर सांगितलं. आजोबांनी फ्रॉक खिडकीशी नेला आणि नव्यात काळा किंचित जास्त पडल्याचा निर्वाळा दिला. पण फ्रॉक हे निमित्त झालं. तिला कुकरची शिट्टी सोसत नसे, ठरलेलं बदललं तर ती तासभर रडे. डॉक्टरीणबाईंनी दोन-तीन वेळा बोलावून तपासलं आणि ऑटिझम असल्याचं सांगितलं.

आजींनी त्याच दिवशी निकाल दिला, "आमच्या घराण्यात असलं काही नाही. हे सुनेच्या माहेरचं."

सुनेने आठ दिवस वाट पाहिली. नवव्या दिवशी तिने नवऱ्याला बजावलं, "हे वाक्य त्यांनी मागे घेतलं तर ठीक. नाहीतर रविवारी चार वाजता मी मुलीला घेऊन माहेरी जाते, ती राहायलाच." मुलीलाही तसं सांगितलं. तिला सगळं आधी सांगावं लागे.

नवरा दोन्हीकडे मान डोलावत राहिला. रंगवाल्यांनी मात्र बाजू घेतली नाही, कारण नमुना पाहिल्याशिवाय ते काहीच सांगत नसत. डॉक्टरीणबाईंच्या कागदावरून त्यांनी बारा प्रश्न काढले आणि दोन्हीकडच्या तेवीस नातेवाइकांना फोन लावले.

"व्याहीबुवा, लोकांच्या डोळ्यांत बघून बोलायला त्रास होतो का?"

"फक्त तुमच्या विहीणबाईंच्या."

"म्हणजे अर्धा गुण."

धाकटी बहीण म्हणाली, "दादा, अकरा वर्षांनी फोन केलास तो हे विचारायला? तब्येत तरी विचार."

"तो प्रश्न यादीत नाही."

रंगवाल्यांचे वडील हयात नव्हते, पण त्यांची माहिती आजींनीच पुरवली. "मामंजी? जेवताना कुणी बोललं की ताट घेऊन जिन्यात बसायचे. अहो, लिहिताय काय? ते तापट होते!"

शनिवारी ते कागद घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी सगळे कागद वाचले, हसू आवरलं आणि सांगितलं, "हे घराण्यात उतरतं, हे खरं. पण असं एकाकडे बोट दाखवता येत नाही. पुष्कळ जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो, तो दोन्हीकडून येतो. कधी एखादा बदल मुलात नव्यानेच होतो. दोष कुणाचाच नसतो. आणि या कागदांवरून कुणाचं निदान करू नका."

"म्हणजे मिश्रण. एकदा ढवळलं की परत वेगळं निघत नाही."

"तसंच समजा. तुमचा स्वतःचा कागद पाहिला. तुम्हाला याचा त्रास होतो का?"

"मला नाही. घरच्यांना विचारावं लागेल."

रविवारी जेवताना त्यांनी अहवाल वाचला. "सुनेचं माहेर, सरासरी दोन. आपलं घर, साडेचार. सर्वांत जास्त मी, अकरा. बारावा प्रश्न लहानपणी खेळणी कशी मांडायचो याचा होता. मला खेळणी नव्हती."

आजींचा घास हातात राहिला. "चाळीस वर्षं मी याला स्वभाव समजत होते!"

सून पदर तोंडाला लावून हसत होती.

"वाक्य मागे घे," रंगवाले म्हणाले.

"घेतलं बाई. आमच्या घराण्यात आहे. भरपूर आहे."

"भरपूर म्हणू नकोस. निदान झालेलं नाही."

"सूनबाई," आजी काकुळतीला आल्या, "जाऊ नकोस गं. यांच्याबरोबर मला एकटीला ठेवून जाऊ नकोस."

सून उठली आणि भरलेली बॅग उघडू लागली. एवढ्यात नात दारात येऊन उभी राहिली. पायात बूट होते. "चार वाजता माहेरी जायचं ठरलंय."

"अगं, आता नाही जायचं. आजीने—"

"ठरलंय."

सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. "तिचं बरोबर आहे. ठरलं होतं."

चार वाजता पाचही जण निघाले. व्याह्यांच्या दारात आजींना तेच वाक्य विहीणबाईंसमोर पुन्हा मागे घ्यावं लागलं, आणि रंगवाल्यांनी तिथेही त्यातला 'भरपूर' काढायला लावला.