चाकाखालची लिंबं

पूनमसिंग राठोडाला एखादी गोष्ट ठाऊक नाही, असं कधी झालंच नाही. गवंडी भिंत बांधत असला की ओळंबा कसा धरायचा ते हा सांगे, डॉक्टर सुई टोचायला लागला की कुठं टोचायची तेही हाच सांगे. पांढरकवड्याहून हैदराबादेकडं ट्रक हाकण्यात अर्धं आयुष्य गेलं, त्यात गुडघे गेले आणि तोंड तेवढं शाबूत राहिलं. अशा माणसाला बोरी अरबच्या भगवानरावांनी आपल्या विमानावर रखवालदार नेमलं. मग काय विचारता!

भगवानरावांची जिनिंग होती आणि पुढच्या निवडणुकीत उभं राहायचं घाटत होतं. कुणाचं तरी जुनं, दोन माणसांचं विमान त्यांनी विकत घेतलं आणि स्वतःच्या पडीक जमिनीत धावपट्टी करून घेतली. कधीमधी नागपूरहून पायलट येई आणि मालकांना हवा खाऊ घालून परत जाई. एरवी विमान पत्र्याच्या शेडमध्ये उभं. ते पुसायचं, चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, दोरांनी बांधून ठेवायचं, एवढंच पूनमसिंगाचं काम. तांड्यावर मात्र तो 'आमचं मशीन' असंच म्हणे.

"पुसाचंच काम हाय नं?" बायको धनीबाई भाकरी वाढता वाढता विचारी.

"पुसाचं? मी नसलो तं ते चालूच होत नाही!"

यात थोडं खरं होतं. उभ्या उभ्या विमानाची बॅटरी उतरे. मग पायलट आत ब्रेक दाबून बसे आणि पूनमसिंग पुढं उभा राहून हातानं पंखा फिरवून देई. शेतातलं डिझेल इंजिन हँडल मारून चालू करतात, तसंच हे, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. पायलट आत बसून नेमकं काय करतो, हे त्यानं कधी विचारलं नाही. विचारणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

दसऱ्याला भगवानरावांनी विमानाची पूजा काढली. गावातली चार मोठी माणसं आली, अख्खा तांडा आला, शेडबाहेर धावपट्टीवर आणून बांधलेल्या विमानाला झेंडूच्या माळा चढल्या. पायलट सणाला घरी गेलेला. मी नसताना इंजिनाला हात लावू नका, असं त्यानं फोनवर बजावलं होतं. पण इंजिन न घुरघुरता पूजा कसली? भगवानरावांनी भरगर्दीत विचारलं, "पूनम, तुले जमन का?"

नाही म्हटलं असतं तर विमान वाचलं असतं, पण पूनमसिंग साऱ्या तांड्यासमोर नुसता पुसणारा ठरला असता. आणि धनीबाई समोरच उभी होती.

"जमन म्हंजे? रोजचंच हाय भाऊ!"

गाडीच्या पूजेला चाकाखाली लिंबं ठेवतात आणि गाडी त्यांच्यावरून काढतात. विमानाच्या चाकांखाली तर ठोकळे होते. पूनमसिंगानं ते लाथेनं उडवले, दोर सोडले आणि त्या जागी तीन लिंबं मांडली. देवाधर्माचं झालं. आता ब्रेकवर कुणीतरी हवं होतं. भगवानराव मोबाइल घेऊन चित्रण करायला सरसावले होते आणि दुसरं कुणी पुढं येईना.

"धनी, चढ वर. पायाजवळच्या त्या दोन पायऱ्या दाबून बस, तेच ब्रेक."

"मले काय समजते त्यातलं?"

"समजाचं काय त्यात? म्या हाव नं!"

थंड इंजिन रेस दिल्याशिवाय उठत नाही, हे ट्रकवाल्याचं ज्ञान. त्यानं रेसची खुंटी पार आत ढकलली, चावी फिरवली आणि पुढं येऊन पंख्याला झटका दिला. दुसऱ्या झटक्याला इंजिन पेटलं. ट्रकला उभ्यानं रेस दिली तर तो जागेवर गुरगुरतो, विमान पळतं. बाजूला उडी मारायची अक्कल तेवढी पूनमसिंगाला सुचली. लिंबं फुटली, माणसं पांगली, भगवानराव पूजेच्या टेबलाखाली शिरले. धनीबाई जीव खाऊन पायऱ्या दाबत होती, पण ब्रेक असतो पायऱ्यांच्या वरच्या काठाला आणि तिचे पाय खालीच टेकलेले. विमान धावपट्टी सोडून कपाशीत घुसलं.

"धनी! माये धनी!" गेलेल्या गुडघ्यांनी पूनमसिंग मागं धावला. तो फिरता पंखा, आत ती एकटी, आणि आपणच तिला चढवलं! तिकडं धनीबाईनं हाताला येईल ते ओढायला सुरुवात केली होती. एक लाल खुंटी ओढली आणि इंजिन बंद पडलं. विमान सरीत अडकून नाकावर उभं राहिलं, पंखा वाकला. धनीबाई आपली आपण खाली उतरली, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ घेऊन. पूनमसिंग तिचे दोन्ही हात धरून ओक्साबोक्शी रडला. ते रडणं खरं होतं. म्हणून तर पुढचं सांगताना माझं डोकं फिरतं.

चौकशीला विमान खात्याचे साहेब येणार म्हटल्यावर भगवानरावांनी मोबाइलमधलं चित्रण पुसलं आणि पूनमसिंगाला शेडमागं नेलं. "अडाणी बाईले आत बसवलं म्हनून समजलं, तं तू बी गेला अन् मी बी. आत कोनी नव्हतं म्हन. वाऱ्यानं सरकलं म्हन. बाकी लोकाइले मी पाह्यतो, अन् तुही नोकरी जाऊ देत नाही."

साहेब आले. धनीबाई पदर कपाळावर ओढून चहा घेऊन आली होती, ती शेडच्या खांबाशी थांबली. पूनमसिंगानं तिच्याकडं पाहिलं नाही. वारा कसा उगवतीकडून आला, कसा शेपटीत भरला, ते त्यानं हातवारे करून रंगवून सांगितलं.

"आणि आत?" साहेबांनी विचारलं.

"कोनीच नव्हतं साहेब."

"मंग इंजन कोनं बंद केलं?" धनीबाईनं विचारलं.

भगवानराव खाकरले. साहेब पूनमसिंगाकडं पाहू लागले.

"वाऱ्यानंच," पूनमसिंग म्हणाला.

धनीबाईनं चहाचा ट्रे खाली ठेवला, कपाळावरचा पदर मागं सारला आणि ती साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.